असे आढळले

वहीच्या मधून एक पिवळी चिकटपट्टी बाहेर डोकावत होती. तिच्यावर छापील बाण होता आणि बाणाच्या पोटात छापील अक्षरं: इथे सही करा. असल्या पट्ट्या मेलबर्नचे वकील वापरतात. आमच्या संस्थेत सही कुठे करायची हे माणसाला बाणाशिवाय कळतं. डंकनने वही माझ्या चहाच्या कपाला खेटून ठेवली, बशीतला लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेला केक, उचलला, त्याचं खोबरं वहीच्या पुठ्ठ्यावर सांडलं ते फुंकरीने उडवलं आणि म्हणाला, "एकच पान राहिलंय म्हणे. चारशे पानांत एक. सत्त्याऐंशी. पेन आहे ना तुझ्याकडे?" पेन माझ्याकडे असतंच. एकोणीस वर्षं दर शुक्रवारी मी त्याच्या वहीत सही करत आलेय. त्याने आठवडाभर जे केलं ते तो लिहितो, पानाच्या तळाशी स्वतःची सही करतो, आणि त्याच्या खालच्या ओळीवर, जिथे 'वाचले व समजले' असं छापलेलं असतं, तिथे मी: वि. टर्प्स्ट्रा, तारीख. सहीची मला इतकी सवय की बँकेत सही करतानाही हात आधी शुक्रवार शोधतो. तरी मी पेन काढलं नाही. चहा गरम होता, तो घेतला. खिडकीतून डोंगर दिसत होता, नोव्हेंबर म्हणजे टास्मानियात उन्हाळा तोंडावर, तरी माथ्यावर बर्फ, आणि माझ्या मनात स्पष्ट आलं: दोन वर्षं नऊ महिने लागले, पण कुणीतरी पान उलटलं एकदाचं.

ते पान राहून गेलेलं नव्हतं, मी ठेवलेलं होतं. राहून जाणं हा डंकनचा प्रांत. त्याची छत्री राहते, चष्मा राहतो, एकदा त्याची बायको विमानतळावर राहिली होती. डॉक्टर डंकन पेनिकट हा चांगला माणूस आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. त्याने कधी कुणाचं काही चोरलं नाही. खोलीत उजेड झाल्यावर दिवा कुणी लावला हे जसं आपण विचारत नाही, तसं त्याचं आहे. मी या संस्थेत आले ती काचसामान धुवायला. शाळा पंधराव्या वर्षी सुटली होती. आम्हा मदतनिसांना ग्रंथालयातून पुस्तक घेता येत नसे, म्हणून मी डंकनच्या नावावर घ्यायचे. कालवांच्या अळ्यांवर त्याच्या नावावर जितकी पुस्तकं वाचली गेली आहेत, त्यातली निम्मी त्याने अजून पाहिलेली नाहीत. वह्याही शास्त्रज्ञांनाच मिळतात. पक्क्या बांधणीच्या, पानांवर आकडे छापलेल्या, पान फाडायचं नाही, मधे जागा सोडायची नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बारा नियम. ते बाराच्या बारा वाचलेली संस्थेत मी एकटी असेन, कारण आंघोळ घातलेल्या टाक्या निथळेपर्यंत दुसरं करायला काही नसायचं. नियम सातवा असा आहे: साक्षीदार हा ते काम समजण्याइतका जाणकार असावा, परंतु त्या कामात त्याचा स्वतःचा हातभार नसावा. म्हणजे बाई समजणारी हवी, सुचणारी नको. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसले होते. सत्त्याऐंशीव्या पानावर आले तेव्हा हसले नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. नदीत होड्यांच्या शर्यती असतात तो मोठा शनिवार-रविवार, सोमवारची सुट्टी धरून. शुक्रवारी दुपारी मी कालवं वाढवणाऱ्या मर्व्ह डिरीनच्या खाजणातून नमुने घेऊन परत आले होते, आणि गाडीच्या मागे एक पोतं केल्प होतं, माझ्या टोमॅटोंसाठी. केल्प म्हणजे आमच्या किनाऱ्यावर वाहून येणारं जाड शेवाळ, चामडी पट्ट्यासारखं. ओलं असेपर्यंत माशासारखं निसटतं. ते उन्हात वाळलं असतं म्हणून मी संस्थेतल्या मागच्या टबात समुद्राच्या पाण्यात टाकलं. मग पाट्या धुवायच्या होत्या. कालवांची पिल्लं आधी पाण्यात तरंगत असतात. पंधरा-वीस दिवसांनी त्यांना एका जागी चिकटावंसं वाटतं, आणि ती जागा आम्ही देतो, हाताएवढ्या पाट्या. पिल्लं चिकटतात थोडी, मरतात पुष्कळ. डंकनची आणि सरकारची अकरा वर्षं याच एका हट्टात गेली होती, की त्यांना चिकटायला आवडेल असं काय करावं. दुसरा टब फुटलेला होता. मी पाट्या केल्पच्याच टबात टाकल्या आणि घरी गेले, आणि सोमवारी सुट्टी आहे हे विसरले. शनिवारी रात्री एकदा आठवलं होतं, कुशीवर वळून झोपले. मंगळवारी सकाळी त्या पाट्या तशाच बुळबुळीत अळ्यांच्या टाकीत लावल्या, कारण दुसऱ्या कोरड्या नव्हत्या आणि डंकन सिडनीला परिषदेला गेलेला होता. संध्याकाळी भिंग धरलं, तेव्हा आधी वाटलं भिंगावरच काहीतरी सांडलंय. पाटीवर रिकामी जागाच नव्हती. माणसाला पहिल्यांदा आनंद होतो असं म्हणतात. मला लाज वाटली, आपल्या आळसाची. मग माझ्या हातांना, हातांनाच म्हणते, डोक्याला नंतर, कळलं की हे टोमॅटोंच्या पोत्याचं काम आहे.

डंकनला मी लगेच सांगितलं नाही. तो पाच दिवसांनी यायचा होता आणि मला त्या पाच दिवसांत स्वतःलाच विचारायचं होतं. एका टबात केल्प एक दिवस ठेवलं, एकात दोन, एकात चार. एकात उकळून टाकलं. उकळलेल्या पाण्यातल्या पाट्यांवर पिल्लं फिरकलीसुद्धा नाहीत. म्हणजे रस नव्हे, वास नव्हे, त्या शेवाळावर जगणारी जी पातळ साय असते ती पाटीवर उतरते, आणि ती जिवंत असली तरच पिल्लांना ते घर वाटतं. हे वाक्य मला भांडी घासताना सुचलं, घरी, रेडिओवर हवामान चालू असताना. मी ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, आणि आकडे खाद्याच्या तक्त्यांच्या पाठीवर, कारण वही मला नव्हतीच. ते तक्ते माझ्या कपाटात आहेत, एप्रनच्या मागे. डंकन आला, मी सांगितलं, त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे केस धरले आणि पाच मिनिटं नुसता टबाभोवती फिरला. इतका खरा आनंद मी फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलाय. मग त्याने लिहिलं. शुक्रवारी वही माझ्याकडे सरकवली. सत्त्याऐंशी. 'केल्पच्या सान्निध्यात दोन दिवस ठेवलेल्या पाट्यांवर अळ्या मोठ्या प्रमाणात स्थिरावतात, असे आढळले. केल्प उकळल्यास हा परिणाम नाहीसा होतो, असे आढळले.' मी ते दोनदा वाचलं. समजलं. असे आढळले. काय सुंदर शब्द आहे, जणू गोष्ट रस्त्यात पडलेली होती आणि रस्त्यालाच ती आढळली. कुणाला, हे विचारायला त्या वाक्यात जागाच नाही. मी पेनाचं टोपण लावलं, पान उलटलं आणि अठ्ठ्याऐंशीवर सही केली. त्याने वही बंद केली आणि शनिवारच्या शर्यतीला कुठला घोडा धरावा ते विचारलं.

मी बोलले का नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याची धार गेलीय. आमच्या घरात गप्प राहून समोरच्याच्या लक्षात येण्याची वाट पाहायची पद्धत होती. आईवडील हॉलंडहून आले तेव्हा त्यांना इंग्रजीतले चाळीस शब्द येत होते, आणि त्यातले निम्मे सुतारकामाचे. आई दक्षिणेकडे सफरचंदांच्या शेडमध्ये पेट्या भरायची. पेट्या भरणाऱ्या प्रत्येक बाईला एक आकडा असे आणि भरलेल्या पेटीवर तो शिक्क्याने उठवावा लागे. आईचा आकडा अकरा. मी लहानपणी समजायचे की हा मान आहे; अकराची सफरचंदं बोटीने इंग्लंडला जातात, तिथे कुणीतरी राणीसारखी बाई पेटी उघडते आणि म्हणते, वा, अकरा. मी दहा वर्षांची झाल्यावर आईने सांगितलं की आकडा कशासाठी असतो: पेटीत एखादं सडकं निघालं तर बोट कुणाकडे दाखवायचं ते कळावं म्हणून. चांगली निघाली तर ती टास्मानियाची. तिने हे रागाने सांगितलं नव्हतं. तिला ते मजेशीर वाटायचं. पण तिचा शिक्का नेहमी सरळ उठलेला असे, कडेला समांतर, शाई न फुटलेला, आणि शेडमधल्या बायका चेष्टेने म्हणायच्या, "बघा बाई, अकरा नंबर सही करतेय."

"तू सही करत्येस ना?" डंकनने विचारलं. चहाची खोली रिकामी होत आली होती. "त्या वकील रोवीनाबाई वर बसल्यात. चारचं विमान आहे त्यांचं."

"नाही."

"पेन संपलं?"

"पेन ठणठणीत आहे. ह्या ओळीवर मी सही करणार नाही, डंकन."

तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. त्याला भांडण ओळखू येत नाही. त्याला वाटलं मला बरं नाही.

आता इथे मर्व्हबद्दल सांगायला हवं. मर्व्ह डिरीन खाजणात कालवं वाढवतो. त्याच्या बापानेही तेच केलं. प्रत्येक डझनामागे त्याच्याकडून संशोधनाची सक्तीची वर्गणी कापली जाते, सरकार तेवढीच भर घालतं, आणि त्यावर आमच्या टाक्या चालतात. माझा पगारही. बारा वर्षं महिन्यातून एकदा मी त्याच्या खाजणात नमुने घ्यायला जाते. तो विधुर आहे, मला नवरा आता नाही, आणि आम्ही बोटीवर बसून शिंपल्यांची करी भरलेले 'पाय', म्हणजे इथल्या भट्टीत भाजलेल्या कचोऱ्या, खातो. यापुढे जे आहे ते अजून काही नाही, आणि आम्हा दोघांनाही घाई नाही. पाट्यांच्या चाचण्या त्याच्याच खाजणात झाल्या. त्या वेळी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं की तो कुणाला काही सांगणार नाही. गेल्या आठवड्यात दोरी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "विल, मीटिंगमध्ये ऐकलं. समुद्रापलीकडची कंपनी विकत घेतेय म्हणे तुमचं काम. तयार पाट्या विकणार आम्हाला."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. आणि आम्ही स्वतः करायच्या नाहीत, गुन्हा. मला एवढंच सांग, तुमच्या त्या बादलीत असं काय आहे की मी माझ्या बादलीत ते घातलं तर मला पोलीस धरतील?"

"ते मी सांगू शकत नाही. तूही विचारू शकत नाहीस. सही केलीयस."

"केलीय खरी. फुकट बोट दिली, वर्गणी दिली, सही दिली." तो दोरीकडे बघत म्हणाला. "आता माझीच बादली मला भाड्याने देताय. बरं आहे. भाडं तरी वेळेवर मागा." आणि मग, मला वाईट वाटलेलं दिसलं म्हणून, त्याने माझ्या बुटावरचं केल्प बोटाने उचललं आणि पाण्यात भिरकावलं. त्याला ठाऊक नव्हतं त्याने काय भिरकावलं ते. त्या दिवशी गाडी चालवत परत येताना मी ठरवलं होतं का काही? ठरवलं असं म्हणता येत नाही. पण धरणावरच्या वळणाशी मी मोठ्याने 'मला' असं म्हटलं, एकटीच, आणि तो शब्द गाडीत बराच वेळ बसून राहिला.

वरच्या खोलीत रोवीना टँग बसली होती, पेटंटची वकील, चाळिशीची, पायांतले बूट काढून टेबलाखाली ठेवलेले. हे मला आवडलं. तिने वही उघडली, पट्टीवर बोट ठेवलं.

"एवढंच आहे बघा. आजची तारीख घालूनच करा, मागची नको. उशिरा का होईना, अमेरिकेतल्या पेटंटला रिकामं पान वाईट दिसतं. शुक्रवारी कंपनी सह्या करतेय."

"मी वाचलंय ते," मी म्हटलं. "समजलंयही. म्हणूनच सही नाही. नियम सात."

तिने पुठ्ठा उलटून सातवा नियम वाचला. सावकाश. मग डंकनकडे न बघता, वहीकडेच बघत विचारलं, "असे आढळले. कुणाला आढळले?"

डंकनने तोंड उघडलं. मला त्या क्षणी त्याची भीती वाटली, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कारण तो सहज 'मला' म्हणू शकला असता, आणि त्याला ते खोटं वाटलंही नसतं. तेवढ्यात त्याची नजर डावीकडच्या पानावर गेली. शहाऐंशी. त्याच्याच अक्षरात शेवटची ओळ: उद्यापासून सिडनी, परिषद. तो ती ओळ बघत राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी इथे नव्हतो," तो म्हणाला. "तो मंगळवार. मी इथे नव्हतोच. उकळून बघितलं ते... ते तू आधीच बघितलं होतंस ना? मी येण्याच्या आधी?"

"तक्ते आहेत माझ्याकडे. खाद्याचे. आकडे त्यांच्या पाठीवर."

"विल्मा, अगं, मग तू बोलली का नाहीस?"

"जागा रिकामी सोडली होती की. वहीत जागा सोडू नये असा नियम आहे. मला वाटलं तुला दिसेल."

रोवीनाने पेन खाली ठेवलं. "तुमच्या नेमणूकपत्रात तुमचं काम काय लिहिलंय?"

हे मला पाठ आहे. वर्षानुवर्षं ते मला टोचलंय, पगारवाढ मागायला गेलं की तेच वाचून दाखवतात. "टाक्या व काचसामान स्वच्छ करणे, खाद्य देणे, तक्ते भरणे. संशोधनात्मक निर्णय अपेक्षित नाही."

"अपेक्षित नाही, असं लिहिलंय?"

"त्याच शब्दांत."

ती खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू असावं, पण धंद्याच्या शिस्तीतलं. "डॉक्टर पेनिकट शोध लावण्यासाठी नेमलेले आहेत, म्हणून त्यांना सुचलेलं आपोआप संस्थेचं. तुम्हाला शोध लावायला नेमलेलंच नाही. म्हणजे तुम्हाला जे सुचलं ते संस्थेचं आहेच, असं मला छातीठोक सांगता येणार नाही. मी संस्थेची वकील आहे, तुमची नाही, तेव्हा याच्यापुढे माझं ऐकू नका. स्वतःचा वकील बघा. पण तुम्ही तुमचा हक्क लिहून दिल्याशिवाय मी शुक्रवारी कुणाला काही विकू देणार नाही, एवढं मी माझ्या नोकरीसाठी सांगते."

डंकन टेबलाच्या कडेवर बसला. "विल्मा, हे अडकलं तर टाक्या बंद होतील. सहा माणसं आहेत. तूही त्यात आहेस."

"माहीत आहे. आज मंगळवार. तीन दिवस आहेत." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला नाही, घरी टोमॅटोंशी मी असंच बोलते. "मला अडवायचं नाहीये. मी देईन लिहून. एका वाक्याच्या अटीवर. जे वर्गणी देतात त्यांनी आपल्या खाजणात, आपल्या पाट्यांसाठी, आपल्या बादलीत केल्प घातलं, तर कुणी विचारायचं नाही. कंपनीने बाकीच्या जगाला खुशाल विकावं."

"कंपनी कुरकुर करेल," रोवीना म्हणाली.

"करू दे. पाट्या तयार करून विकत घेणारे भरपूर मिळतील त्यांना. सगळ्यांनाच शनिवारी पोतं उचलायचं नसतं."

"आणि नाव?"

नावाचं मी इतकी वर्षं मनात घोळवलं होतं, आणि आता ते समोर आल्यावर त्याचा आकार अगदीच लहान होता, शिक्क्याएवढा. तरी तो मला हवा होता. सडक्या सफरचंदासाठी आमच्या घरातून आकडा गेलेला होता. चांगल्यासाठी एकदा नाव जाऊ दे.

"नाव त्याचंही राहू दे," मी म्हटलं. "पुढची सगळी पानं त्याची आहेत. मी समजून सह्या केल्यात त्यांवर. हे पान माझं."

डंकनने मान हलवली. मग त्याने खिशातून स्वतःचं पेन काढून माझ्यापुढे धरलं. माझ्याकडे पेन असतंच हे त्याला ठाऊक आहे. तरी धरलं, आणि मी घेतलं.

"ते वाक्य उद्या लिहून आणा," रोवीना पायाने बूट चाचपत म्हणाली. "मी वाचीन." आणि दारापाशी वळून, "समजून घेईन."

वही माझ्यापुढे उघडी होती. पिवळा बाण खालच्या ओळीकडे बोट दाखवत होता. मी पट्टी हलक्या हाताने सोडवली, कागद सुटू नये अशी, आणि डंकनच्या कपाच्या कानाला चिकटवून टाकली. खालची ओळ तशीच कोरी ठेवली. तिथे सही करायला आता दुसरी कुणी जाणकार बाई शोधावी लागणार, आणि तिला हे सगळं समजावून सांगायचं काम अर्थात माझ्याकडेच येणार. मग पेन पानावर वर नेलं, जिथे त्याच्या गोल अक्षरात 'असे आढळले' लिहिलेलं होतं. पूर्णविरामाच्या पुढे ओळीत थोडी जागा उरली होती. तिथे, कडेला समांतर, शाई फुटू न देता, मी एक शब्द लिहिला, खाली सही केली आणि आजची तारीख घातली.

मला.